पालखीपासून उकिरड्यापर्यंत

साताऱ्याहून कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला जाणारे लोक देवळे पाहतात, घाट पाहतात आणि परततात. तिथेच एका कुत्र्याचीही समाधी आहे, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असते? हा थोरल्या शाहू महाराजांचा खंड्या. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचवला. महाराजांनी त्याला जहागिरीच्या सनदा करून दिल्या, पालखीचा मान दिला आणि एकदा तर त्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून, डोक्यावर स्वतःचे पागोटे चढवून, भर दरबारात मिरवले. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने ही हकिकत आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदवली आहे. साहेबाला ती राजाची लहर वाटली. लहर असेलही, पण त्या लहरीत उपकाराची जाणीव होती, आणि ती पालखीपाशी न थांबता समाधीपर्यंत गेली. आजच्या श्वानप्रेमाची परीक्षा आम्ही नेमकी इथेच घेऊ इच्छितो. शेवट कसा झाला, ते सांगा!

आमच्याकडे कुत्रा विकत घेण्याची रीत नव्हती. कुणाच्या तरी वस्तीवर कुत्री व्यायली की पिल्लू मागून आणायचे, मोत्या किंवा वाघ्या असे नाव ठेवायचे आणि शिळी भाकरी ताकात कुस्करून घालायची. त्या भाकरीच्या मोबदल्यात तो रात्रभर खळे राखी. माण, आटपाडी, जतच्या माळांवर मेंढरांचा वाडा उतरला की वाघरीभोवती धनगराचा कुत्रा आजही असाच जागतो. लांडगा नरडे धरतो म्हणून कुठे कुठे त्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. तो घरातला लाडका नव्हे. घरातला कर्ता आहे.

जुने ते सारे सोने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. औदुंबरला दत्ताच्या पायांशी बसलेल्या चार कुत्र्यांना हात जोडायचे आणि बाहेर येऊन पाचव्याच्या पेकाटात लाथ घालायची, हाही आमचाच धर्म होता. नगरपालिका कुत्र्यांना विष घालीत. पिसाळलेले कुत्रे चावले तर माणूस आधी मांत्रिकाकडे जाई, आणि दवाखान्यात गेलाच तर पोटात चौदा सुया टोचून घेई. ते दिवस गेले हे चांगलेच झाले.

पण त्यांच्या जागी काय आले? बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला सायबेरियन हस्की सांगलीच्या वैशाखात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत धापा टाकतो आहे. कशासाठी? तर शेजाऱ्याकडे लॅब्रेडॉर आहे म्हणून! सत्यशोधकांच्या या मुलखात जात मोडण्यावर भाषणे करणारी मंडळीही कुत्रा घेताना त्याच्या सात पिढ्यांची वंशावळ मागतात. सांगलीपासून फार दूर नसलेल्या मुधोळचा शिकारी कुत्रा आम्हाला आधी दिसत नव्हता. २००५ मध्ये टपाल खात्याने त्याच्यावर तिकीट काढले, पुढे लष्करानेही त्याला जवळ केले, तेव्हा आमचे डोळे उघडले. आणि मग आम्ही काय केले? माळ तुडवणाऱ्या त्या प्राण्यालाही दारात साखळीने बांधला.

वाढदिवसाला कुत्र्याला केक भरवण्यावर आमचा राग नाही. ज्याने शाहूंची पालखी ऐकली आहे, त्याने केकला का हसावे? राग आहे तो पुढच्या अंकाबद्दल. बदली होते, घरात पाळणा हलतो, कुत्र्याला खरूज होते. मग एका रात्री गाडीत घालून त्याला गावाबाहेरच्या उकिरड्यापाशी सोडतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! इतक्यात त्याच कुत्र्याच्या गळ्यातली घंटीसुद्धा येत नाही.

सोडलेले कुत्रे खच्ची केलेले नसते. दोन वर्षांत त्याची टोळी होते. मग श्वानप्रेमी आणि श्वानद्वेष्टे एकमेकांच्या उरावर बसतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. निर्बीजीकरण आणि लस देऊन कुत्री पुन्हा जागेवर सोडावीत, पिसाळलेली व हिंस्र मात्र सोडू नयेत, असे २२ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले. या साऱ्या कोलाहलात ज्याने कुत्रे रस्त्यावर आणून टाकले, तो मालक मात्र घरात सुखाने चहा पीत असतो. आणि चावा कुणाला बसतो? पहाटे फडावर निघालेल्या ऊसतोडणी मजुराला, खोपीबाहेर खेळणाऱ्या त्याच्या पोराला. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की औषध चालत नाही. दुसऱ्याच्या हौसेची ही किंमत त्या पोराने का मोजावी?

म्हणून आमची मागणी साधी आहे. पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद मालकाच्या नावाने व्हावी. वर्षाला लस आणि वीण नको असेल तर शस्त्रक्रिया सक्तीची असावी. आणि सोडून देणाऱ्याचा दंड कुत्र्याच्या किमतीहून मोठा असावा. गरिबाला हे परवडेल काय, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण मेंढरांना लस टोचायला सरकारी पशुवैद्य येतात, त्याच फेरीत धनगराच्या कुत्र्यालाही टोचावी. तो फुकटच्या लसीचा पहिला हक्कदार आहे. बंगल्यातल्याने पैसे मोजावेत.

पहिला घास गाईला आणि शेवटची भाकरी कुत्र्याला, अशी आपल्या घरांची रीत होती. त्या भाकरीत थाट नव्हता, पण ती रोज मिळे. कुत्रा म्हातारा झाला तरी मिळे. ज्याला तेवढे निभावता येत नसेल, त्याने कुत्रा आणूच नये. त्याने एकदा माहुलीला जाऊन यावे.