माहितीपटाचे वाचन आणि नागरिकत्वाचे शिक्षण : मराठीच्या वर्गाची जबाबदारी

'माहितीपट' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की त्यातील गफलत सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पूर्वी याच चित्रप्रकाराला 'अनुबोधपट' म्हणत. काही ठिकाणी 'वृत्तपट' आणि 'वृत्तचित्र' असेही शब्द आढळतात. 'अनुबोध' या शब्दात निदान कोणीतरी कोणाला तरी काही शिकवू पाहत आहे, एवढी कबुली होती. 'माहिती' या शब्दाने ती पुसून टाकली. माहिती ही जणू रस्त्यावर पडलेली असते आणि कॅमेरा ती केवळ उचलून आणतो, असा समज त्या शब्दाने दृढ केला. वस्तुतः जॉन ग्रिअर्सन यांनी १९२६ साली ज्यांच्या चित्रपटाच्या परीक्षणात 'डॉक्युमेंटरी' हे विशेषण योजले, त्या रॉबर्ट फ्लाहर्टी यांनीच त्यापूर्वी, १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ'मध्ये, कॅमेऱ्याला उजेड मिळावा म्हणून एका बाजूने उघडे असलेले बर्फाचे घर बांधून घेतले होते. म्हणजे या प्रकाराच्या जन्मापासूनच घर खरे, बर्फ खरा, माणसेही खरी. फक्त एक भिंत काढून टाकलेली. ही काढलेली भिंत विद्यार्थ्याला दिसावी, यासाठी माहितीपट वर्गात दाखवायचा असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विषय 'सोपा व रंजक' व्हावा म्हणून तो दाखवण्याची जी पद्धत सध्या रूढ होत आहे, तिच्याशी या मताचा मेळ बसत नाही.

माध्यमांतून येणाऱ्या मजकुराची चिकित्सा करावी, हे आपल्या अभ्यासक्रमाला मान्य नाही असे नाही. २०१८ पासूनच्या दहावीच्या 'इतिहास व राज्यशास्त्र' या पुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' असे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माध्यमांतील माहितीचे चिकित्सक आकलन का करावे लागते, याचे उदाहरण म्हणून त्यात जर्मनीच्या 'स्टर्न' साप्ताहिकाने हिटलरच्या म्हणून मिळवलेल्या आणि पुढे बनावट ठरलेल्या रोजनिशांची हकीकत दिली आहे. उदाहरण चांगले आहे. परंतु ते १९८३ चे आहे आणि हॅम्बुर्गचे आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलामुलींना 'स्टर्न' हे उत्तर पाठ असते. त्याच दिवशी सकाळी भ्रमणध्वनीवर आलेली चित्रफीत मात्र ती निःशंकपणे पुढे पाठवतात. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही, कारण चिकित्सा हा त्यांच्या लेखी एका प्रश्नपत्रिकेतील प्रश्न आहे. ती भाषेची आणि नजरेची सवय आहे, हे त्यांना कोणी जाणवूनच दिलेले नाही.

ही सवय लावण्याचे काम नागरिकशास्त्राच्या शिक्षकापेक्षा मराठीच्या शिक्षकाला अधिक चांगले करता येईल, असा माझा दावा आहे. तो अनेकांना आगाऊपणाचा वाटेल. पण नागरिकशास्त्राची भाषा एकदा व्याकरणाच्या अंगाने पाहावी. 'योजना राबवण्यात आली', 'अतिक्रमणे हटवण्यात आली', 'सौम्य लाठीमार करण्यात आला'. शासकीय परिपत्रक, वर्तमानपत्र आणि पाठ्यपुस्तक या तिघांची ही समाईक वाक्यरचना आहे. तिच्यात क्रिया असते, कर्म असते, कर्ता मात्र नाहीसा झालेला असतो. मराठीच्या विद्यार्थ्याला कर्मणी आणि भावे प्रयोग शाळेपासून शिकवले जातात. परंतु प्रयोग बदलला की जबाबदारीही बदलते, हे सांगितले जात नाही. माहितीपटात हेच दृश्यभाषेत घडते. चौकटीत कोण आहे, प्रश्न कोणाचा ऐकू येतो, निवेदकाचा आवाज कोणाच्या वतीने बोलतो, हे विचारणे म्हणजे दृश्यातील कर्ता शोधणे होय. ज्याने अनिल अवचटांचे 'माणसं' लक्षपूर्वक वाचले आहे, त्याला हा शोध परका नाही. तेथे लेखक स्वतः वाक्यात हजर असतो. आपण कोठे उभे राहून पाहत आहोत हे लपवीत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' त्याच्या शेजारी ठेवला, की वस्तुनिष्ठ भासणाऱ्या निवेदनालाही एक बाजू असते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या दृष्टीने आनंद पटवर्धन यांचा 'बॉम्बे : हमारा शहर' (१९८५) हा चित्रपट मला वर्गासाठी सर्वांत उपयुक्त वाटतो. मुंबईतील पदपथांवरच्या व झोपडपट्ट्यांतल्या लोकांना हुसकावण्याचा तो काळ. ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात मोडतो असे म्हटले आणि तरीही पदपथ मोकळे करण्यास मुभा दिली, ती त्याच वर्षी. नागरिकशास्त्राच्या दृष्टीने एवढा ऐवज पुरेसा आहे. पण चित्रपटात एक प्रसंग असा आहे, की त्यापुढे हा सारा ऐवज दुय्यम ठरावा. घर मोडलेली एक स्त्री कॅमेऱ्यामागच्या माणसावरच उसळते. आमचे फोटो काढून तुम्ही नाव कमवाल, आम्हांला काय मिळणार, अशा अर्थाचा तिचा सवाल आहे. दिग्दर्शकाला तो प्रसंग सहज कापता आला असता. त्याने तो ठेवला. का ठेवला, यावर वर्गात मतभेद होतात आणि ते व्हावेत. तो प्रामाणिकपणा आहे, असे काही विद्यार्थी म्हणतात. आरोप स्वतःच दाखवला की तो बोथट होतो, ही एक युक्तीच आहे, असेही एखादी विद्यार्थिनी म्हणते. मला दुसरे मत पटत नाही. तथापि ते मांडणारी विद्यार्थिनी माध्यमसाक्षर झाली आहे, याविषयी मला शंका नाही.

या चित्रपटात ज्यांचे गाणे ऐकू येते, ते शाहीर विलास घोगरे पुढे पटवर्धनांच्याच 'जय भीम कॉमरेड'च्या केंद्रस्थानी आले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले, निदर्शने झाली, राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मृत्युमुखी पडली. चारच दिवसांनी घोगरे यांनी आत्महत्या केली. वृत्तपत्रीय मराठीत हे सारे 'गोळीबार करण्यात आला' एवढ्या तीन शब्दांत मावते. जमाव गॅसचे टँकर पेटवू पाहत होता म्हणून गोळीबार अटळ झाला, असा बचाव मांडण्यात आला. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार समर्थनीय मानला नाही. येथे वर्गाने ज्याच्यावर थांबावे असा मुद्दा आहे तो क्रमाचा. एका दृश्यानंतर दुसरे दृश्य आले की पाहणारा पहिल्याला कारण आणि दुसऱ्याला परिणाम मानतो. पेटलेले वाहन आधी आणि गोळी नंतर दाखवली तर एक अर्थ. क्रम उलटा केला तर दुसरा. मराठी वाक्यात 'म्हणून' हे अव्यय जे काम उघडपणे करते, तेच संकलक एकही शब्द न उच्चारता करीत असतो. पटवर्धनांचा चित्रपट त्या दिवशीच्या घटनाक्रमाकडे पुन्हा पाहण्यास भाग पाडतो. अर्थात त्यांचा स्वतःचाही एक क्रम आहे. सुमारे चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून काय निवडले आणि कशानंतर काय जोडले, हा प्रश्न त्यांनाही लागू करावयास हवा. अन्यथा आपण एका अधिकारवाणीच्या जागी दुसरी बसवली एवढेच होईल.

याच कारणास्तव केवळ प्रतिकाराचे माहितीपट दाखवणेही मला अपुरे वाटते. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे चित्रपट आपल्याकडे 'सरकारी' म्हणून हिणवले गेले. मुख्य चित्रपटापूर्वी ते सक्तीने पाहावे लागत आणि तेवढ्या वेळात लोक बाहेर शेंगदाणे घेऊन येत, हे खरे आहे. (कॅमेऱ्याला सत्कारसमारंभांची ओढ मात्र त्याहून जुनी : सावे दादा भाटवडेकरांनी १९०१ साली टिपलेले वृत्तदृश्य रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचेच होते.) परंतु याच संस्थेतून एस. एन. एस. शास्त्री यांचा 'आय ॲम ट्वेंटी' हा १९६७ चा लघुपट निघाला. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेले वीस वर्षांचे तरुण त्यात बोलतात, आणि आपल्याला देशाविषयी विशेष प्रेम वाटत नाही असे सांगणारा तरुणही त्यांत आहे. सरकारी पैशाने हे वाक्य चित्रित झाले आणि दाखवले गेले, ही गोष्ट आजच्या वीस वर्षांच्या मुलांना चकित करते. दुसरीकडे एस. सुखदेव यांच्यासारखा प्रतिभावंत 'इंडिया ६७' करतो आणि आणीबाणीत 'थंडर ऑफ फ्रीडम' (१९७६) हा तिची भलामण करणारा चित्रपटही करतो. त्याच्या शेजारी त्याच कालखंडातील राजकीय कैद्यांवरचा पटवर्धनांचा 'प्रिझनर्स ऑफ कॉन्शन्स' (१९७८) ठेवावा. आणीबाणीवरील कोणत्याही धड्यापेक्षा ही जोडी अधिक शिकवते, कारण सुखदेवांचा चित्रपट कसबाने केलेला आहे आणि तरीही तो पटत नाही. कसब आणि सत्य यांची फारकत होऊ शकते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला कळणे विशेष अगत्याचे आहे.

वर्गात राजकारण आणू नये, असा आक्षेप यावर हमखास घेतला जातो. आक्षेप घेणाऱ्यांपैकी बरेच जण वाईट हेतूने बोलत नाहीत. त्यांना भीती वाटते आणि आजच्या काळात ती निराधार आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र या भीतीचे उत्तरही नागरिकशास्त्रातच आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'चार शहर एक कहानी' या छोट्या माहितीपटाला सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले गेले, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७० च्या निकालात न्यायालयाने पूर्वपरीक्षण घटनाबाह्य ठरवले नाही, परंतु त्यासाठी अधिक स्पष्ट निकषांची गरज दाखवून दिली. पटवर्धनांचा 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' दूरदर्शनने दाखवण्याचे नाकारले, त्यावर २००६ साली त्याच न्यायालयाने चित्रपट तुकड्यातुकड्यांनी न पाहता समग्रतेने पाहावा, हे तत्त्व लावून तो दाखवण्यास सांगितले. कलाकृती समग्रतेने वाचावी, हे आपण समीक्षेच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. तेच तत्त्व न्यायनिर्णयात भेटते तेव्हा साहित्याचा आणि नागरिकशास्त्राचा वर्ग निराळा राहत नाही. विद्यार्थ्यांना चित्रपटाआधी निकाल वाचायला द्यावा, असे मी सुचवीन.

खडकीसारख्या ठिकाणी तर या अभ्यासाला विषय शोधत जावे लागत नाही. एकाच बाकावर बसणाऱ्या तिघांपैकी खडकी बाजारातला विद्यार्थी कटक मंडळाच्या हद्दीत राहतो, बोपोडीतली विद्यार्थिनी पुणे महापालिकेच्या आणि दापोडीतला त्यांचा मित्र पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या. पुस्तकातील महापौर पहिल्याच्या वाट्याला येतच नाही. २००६ च्या कायद्यानुसार त्याच्या मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी असतो. निवडलेल्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि एप्रिल २०२३ साठी जाहीर झालेली निवडणूक मार्चमध्येच रद्द झाली. 'निवडणूक रद्द करण्यात आली' : पुन्हा तीच वाक्यरचना. विद्यार्थ्यांनी पाच-सात मिनिटांचा माहितीपट करावा तो नेमका येथे. साधन त्यांच्या खिशात आहे. लष्करी हद्दीत कोठे कॅमेरा उचलता येत नाही, हे विचारायला गेले तरी त्यांना कायद्याचे अर्धे प्रकरण समजेल. आणि ज्या गोष्टीचे चित्रण करता येत नाही ती निवेदनात कशी आणायची, हा प्रश्न त्यांना थेट भाषेपाशी आणून सोडील. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेल्या आजोबांची मुलाखत घेताना नातू त्यांना 'अहो आजोबा' म्हणून बोलते करील, की वार्ताहराचा कृत्रिम सूर लावील, यावरून त्या चित्रफितीचा निम्मा निकाल लागतो.

प्रत्यक्ष अध्यापनाविषयी थोडेच सांगतो. संपूर्ण चित्रपट दाखवून 'यातून काय शिकलात' असे विचारणे निष्फळ आहे. दहा मिनिटांचा भाग आधी आवाज बंद करून, मग डोळे मिटून केवळ ऐकत आणि नंतर एकत्र पाहिला, तर निवेदन चित्रावर कोणता अर्थ लादते ते आपोआप उघडे पडते. एकाच विषयावरील दोन चित्रपट उपलब्ध असतील तर उत्तमच. नारायण सुर्वे यांच्यावर अंजली माँटेरो व के. पी. जयशंकर यांचा 'साचा' (२००१) आहे आणि अरुण खोपकर यांचा 'नारायण गंगाराम सुर्वे'ही आहे. पहिल्यात कवीबरोबर चित्रकार सुधीर पटवर्धन आणि बदलती गिरणनगरी आहे; दुसऱ्याचे नावच कवीचे पूर्ण नाव आहे. सुर्वे अभ्यासक्रमात असताना हे दोन्ही चित्रपट विद्यार्थ्यांनी पाहिलेले नसावेत, हे मराठी विभागांना शोभणारे नाही.

खरी अडचण मात्र निराळीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. यांपैकी पुष्कळ चित्रपटांचे निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत आहे व तळओळी इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी तळओळी वाचण्यात इतका गुंततो की चित्र पाहणे राहून जाते. आणि ज्याच्या वस्तीवर तो चित्रपट आहे, त्यालाच तो दुय्यम हाताने मिळतो. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय खडकीपासून काही किलोमीटरवर, विधी महाविद्यालय रस्त्यावर आहे. पदव्युत्तर वर्गाच्या लघुप्रबंधांसाठी दरवर्षी तेच ते दहा कादंबरीकार वाटून देण्याऐवजी दोघा-तिघा विद्यार्थ्यांना एकेका माहितीपटाची निवेदनसंहिता उतरवून तिचा मराठी अनुवाद करण्याचे काम द्यावे. तळओळ एका वेळी दोन ओळींपलीकडे जाऊ शकत नाही, तेव्हा 'करण्यात आले' लिहायला तिच्यात जागा नसते. कोणी केले ते अनुवादकाला ठरवावेच लागते.