दुर्बळांचे घर 48 लाखांना! भूखंडांची बोली थांबवा



सानपाड्यात घरभाडे किती वाढले, डिपॉझिट किती मागतात, हे तुम्हाला सांगायला पत्रक काढायची गरज नाही. ते तुम्ही दर अकरा महिन्यांनी भोगताच. पत्रक काढावे लागले ते नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या घरसोडतीच्या, जानेवारी 2025 मध्ये जाहीर झालेल्या दरांमुळे. खारघर बस टर्मिनलच्या घराची किंमत निघाली 48 लाख 30 हजार. घर कुणासाठी? आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी! दुर्बल कोण, तर ज्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 6 लाखांच्या आत आहे तो.

कागद-पेन्सिल घ्या. सरकारी अनुदानाचे अडीच लाख वजा करा. बायकोचे दागिने मोडून पाच लाख भरले असे समजा. उरलेल्या 40 लाख 80 हजारांवर साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता येतो महिना 35 हजारांच्या वर. उत्पन्न, मर्यादेला अगदी टेकलेले धरले तरी, 50 हजार. कुठली बँक हे कर्ज देईल? अर्जात गरीब आणि बँकेत श्रीमंत, असा एक तरी माणूस शोधून दाखवा. ओरड झाल्यावर दहा टक्के कपातीची घोषणा झाली. 48 लाख 30 हजारांतून दहा टक्के काढा; 43 लाखांच्या वरच राहतात. टाळ्या वाजवायच्या का?

आता याच सोडतीतले दुसरे घर बघा. तळोज्यात, त्याच दुर्बल गटासाठी, 25 लाख 10 हजारांना. सिमेंट, सळई, गवंड्याची मजुरी खारघरला दुप्पट होत नाही. हा 23 लाखांचा फरक विटांचा नाही, जागेचा आहे. आणि जागेचा भाव कसा ठरतो? बोलीने.

आमचे भांडण या पद्धतीशी आहे. खुर्चीत कोणीही बसो, सार्वजनिक भूखंड निघाला की निविदा निघते आणि सर्वांत मोठा आकडा टाकेल त्याला भूखंड मिळतो. तो आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात 'विक्रमी दर' म्हणून झळकतो. मग शेजारच्या सेक्टरातला बिल्डर तोच दाखवून फुटामागे भाव चढवतो, पुनर्विकासाला निघालेली सोसायटी तेवढ्याच अपेक्षा धरते, घरमालक भाडे वाढवतो. पुढच्या भूखंडाचा पायाभूत दर ठरवतानाही मागचा विक्रम उशाला असतोच. परिणाम पाहायचा तर पामबीच रस्त्याकडचे टॉवर बघा आणि सकाळी सानपाडा स्टेशनवर उभे राहा. महापे, तुर्भे, ऐरोलीत कंपन्या आणि डेटा सेंटर उभी राहिली, विमानतळ सुरू झाला, नोकऱ्या आल्या. पण इथल्या इस्पितळातली नर्स बदलापूरहून येते, ठाण्याला गाडी बदलते आणि घामाघूम होऊन इथे उतरते. नोकरी इथे, झोप तिथे!

यावर एक शहाणा हमखास म्हणतो, "भाव बाजार ठरवतो." कुठला बाजार? 1970 साली सिडको स्थापन झाली, 95 गावांची जमीन सरकारने संपादित केली. भाव वाढवून मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण गेले. घेताना जमीन 'सार्वजनिक हितासाठी' आणि विकताना 'बाजारभावाने'! शेतकऱ्याच्या वेळी हा बाजार कुठे झोपला होता?

दुसरा म्हणतो, "मग रस्ते, रेल्वे कशातून करायची?" प्रश्न रास्त आहे. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रविणा मेहता यांनी साठच्या दशकात हे शहर सुचवले तेव्हा जमिनीच्या वाढत्या किमतीतूनच शहर उभे राहावे, हीच कल्पना होती. दुकानांचे, कार्यालयांचे, आलिशान टॉवरचे भूखंड खुशाल बोलीने विका. आम्ही हॉटेलच्या प्लॉटवर चाळ मागत नाही. पण राहत्या घरांच्या भूखंडातूनही शेवटचा रुपया पिळायचा, मग 'परवडणाऱ्या घरां'ची जाहिरात करायची, ही चलाखी आहे.

आणि "परवडत नाही तर तळोज्याला जा" म्हणणाऱ्यांनो, तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशीही तळोज्याला गेल्या तर सकाळी सातला बेल कोण वाजवणार?

उपाय अवघड नाही. इथली जमीन मुळात विकली जातच नाही, 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. म्हणजे करारात अट घालता येते. निवासी भूखंडांपैकी निम्म्यांची बोली उलटी लावा: जमिनीचा दर ठरलेला, आणि जो सर्वांत कमी किमतीत घरे देईल त्याला भूखंड. घर पुन्हा विकतानाही किमतीला मर्यादा ठेवा, म्हणजे गुंतवणूकदार कुलूप लावून बसणार नाही. काही भूखंड नोकरदारांच्या सहकारी सोसायट्यांना ठरल्या दराने द्या. या शहरात पूर्वी ते झालेले आहे.

सानपाड्यातल्या भूखंडाची पुढची निविदा पेपरात येईल तेव्हा ते कात्रण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा, त्याखाली सह्या गोळा करा आणि सिडकोला लेखी हरकत पाठवा. भाडेकरूंनीही सही करावी. मालकाची परवानगी लागत नाही.