टनामागे पंचवीस पैसे

ऊसतोड सुरू झाली की तेलगाव परिसरातल्या फडांमधून कोल्हे, रानमांजरे, ससे आणि साप सैरावैरा बाहेर पडतात. मराठवाड्यात जंगल आधीच तुटपुंजे. माजलगाव धरणाचे पाणी आले, ऊस वाढला आणि उसाच्या फडालाच या जिवांनी आसरा मानले. तो एका दिवसात भुईसपाट होतो. पुढे कठडा नसलेली विहीर असते. तिच्यात पडलेला कोल्हा वाचवायला दोर, जाळी, पिंजरा, गाडीत डिझेल आणि हाकेला धावणारा पशुवैद्य लागतो. खर्च काही हजारांचा, पण पैसा त्याच रात्री हाताशी हवा. आज तो बहुतेकदा सर्पमित्राच्या खिशातून जातो.

आपल्याच बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावी ‘सर्पराज्ञी’ हे केंद्र जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडते. अशी कामे लोकांच्या देणग्यांवर तगतात. कोकणात वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सवाने त्याच गावात पर्यटकांचा राबता सुरू केला. सुरुवातीला लागली ती अंड्यांभोवती कुंपण घालायची जाळी आणि पहाटे किनारा फिरणारी माणसे.

जगात अशा कामांसाठी छोटी अनुदाने आहेत. ब्रिटनचे रफर्ड फाउंडेशन ती देते. जागतिक पर्यावरण सुविधेचा लघुअनुदान कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे. मात्र परदेशी देणगी घेण्याच्या नियमित नोंदणीसाठी मागच्या तीन वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केल्याचा हिशेब संस्थेला दाखवावा लागतो. पाच-सात पोरांच्या गटाने तो कुठून आणायचा? परदेशी पैशावर सरकारची नजर हवीच, पण ही अट नेमक्या गरजू हातांनाच बाहेर ठेवते. देशातल्या पैशाचे पाहिले, तर नफ्यातले दोन टक्के सामाजिक दायित्वावर खर्चण्याचा नियमही २०१३ च्या कंपनी कायद्यातला आहे. तो मोठ्या कंपन्यांना लागू होतो, सहकारी कारखान्यांना नाही.

म्हणून आम्ही तेलगावच्या लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याकडे पाहतो. कायद्याची सक्ती नसली तरी ऊस ज्या शिवारातून येतो, त्या शिवाराचे देणे कारखान्यावर आहेच. पाच लाख टन गाळप धरले, तर टनामागे पंचवीस पैशांप्रमाणे सव्वा लाख रुपये जमतात. ही रक्कम शेतकऱ्याच्या ऊसबिलातून मुळीच कापू नये. आधीच त्याच्या बिलाला कपातींचा ससेमिरा आहे. कारखान्याने ती आपल्या उत्पन्नातून द्यावी. वनविभागाचा एक अधिकारी, एक पशुवैद्य आणि दोन शेतकरी यांनी खर्च ठरवावा. बचावाच्या कामाला आगाऊ उचल आणि पावत्या आठ दिवसांत, एवढाच नियम पुरे. हिशेब गटकार्यालयाच्या फलकावर लागावा. पहिला पैसा फडालगतच्या उघड्या विहिरींच्या कठड्यांवर जावा, कारण त्या विहिरींत माणसांची लेकरेही पडतात. संचालक मंडळाने हा ठराव येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडावा, म्हणजे पहिला कोयता चालण्यापूर्वी पिंजरे आणि जाळ्या गावात पोचतील.