हिरवे गवत कुठवर पेरायचे?

एप्रिल जवळ आला की आमच्या डोंबिवलीच्या चाळीत रात्रीची झोप कमी होते. कारखान्यातून, दुकानातून, लोकलच्या गर्दीतून दमून आलेली माणसे जेवण उरकून खाली जमतात. वर्गणी, मांडव, रोषणाई ही बोलणी मोठ्यांची. देखावा मात्र मुलांचा. गेल्या जयंतीला मुलांनी महाडच्या चवदार तळ्याचा देखावा करायचे ठरवले. त्या देखाव्याने आम्हां मोठ्यांनाच एक धडा दिला. तोच आज सांगतो.

देखाव्याची जमीन कशी करायची हे मुलांना शिकवावे लागत नाही. शेजारपाजारच्या मुलांबरोबर दिवाळीच्या सुट्टीत किल्ले केलेले असतात. दगड-विटांचे तुकडे रचायचे, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, वर माती थापायची आणि हळीव किंवा मोहरी पेरायची. पाणी शिंपडत राहिले की चार-पाच दिवसांत हिरवे रान उगवते. तीच युक्ती मुलांनी इथे केली. मधोमध निळा कागद, भोवती हिरवेगार गवत, त्यातून चाललेली मातीची माणसे. दृश्य देखणे होते. आम्हीही पाठ थोपटली.

जयंतीला चार दिवस उरले होते. वरच्या मजल्यावरच्या आजी काठी टेकत खाली आल्या. त्या मूळच्या महाडकडच्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “पोरांनो, छान केलंत. पण मार्चात एवढं हिरवं गवत कुठलं रे? असं हिरवं असतं तर आमच्या बाया पाण्यासाठी एवढ्या लांब कशाला गेल्या असत्या?”

आम्ही सारे गप्प झालो. परिषद भरली ती १९ आणि २० मार्च १९२७ रोजी. कोकणातला पाऊस ऑक्टोबरात आटोपतो. मार्चपर्यंत उतारावरचे गवत वाळून पिवळे पडलेले असते, पायवाटांवर धूळ उडते. दिवाळीच्या किल्ल्यावर हिरवे गवत शोभते, कारण तेव्हा पाऊस नुकता गेलेला असतो. महाडच्या देखाव्यावर तेच गवत खोटे ठरते. परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. ही तहान हिरव्या गालिच्यावर कशी दाखवणार? बघणाऱ्याला वाटेल, माणसे सहलीला आली आहेत.

मुले हिरमुसली. पण त्याच रात्री सगळे गवत उपटले आणि पुन्हा कामाला लागली.

या वेळी आधी वाचन केले. तळ्याचे वर्णन खुद्द बाबासाहेबांनीच करून ठेवले आहे. तळे मोठे, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याचे. चारी बाजूंना बांध. बांधाबाहेर खाजगी मालकीच्या जमिनीचे अरुंद पट्टे. त्यापलीकडे तळ्याला वळसा घालणारा नगरपालिकेचा रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे. देखाव्याचा नकाशा आयताच मिळाला. हिरवे कुठवर दाखवायचे हेही कळले. ओल असेल तिथे हिरवे, ओल संपली की पिवळे. म्हणजे पाण्याकाठी बोटभर रुंदीची हिरवी कड, पट्ट्यांत तुरळक मळकट हिरवे, आणि रस्त्यापासून पुढे सगळे वाळलेले.

यंदा कुणाला असा देखावा करायचा असेल, तर आमची रीत सांगतो. खर्च फारसा नाही.

नुसती माती थापली तर वाळताना तडे जातात. म्हणून चार वाट्या चाळलेल्या मातीत एक वाटी लाकडाचा भुसा आणि थोडा फेव्हिकॉल मिसळावा. वखारीत किंवा सुताराकडे भुसा मिळतो. थर पातळ द्यावा आणि सावलीत वाळू द्यावा. मग फेव्हिकॉलचे पाणी ब्रशने लावून वरून कोरडी लाल माती चहाच्या गाळण्यातून भुरभुरवावी. रस्त्यावर त्यातच चिमूटभर चुलीची किंवा उदबत्तीची राख मिसळली की धुळीचा रंग येतो. वाळवलेला चहाचा चोथा शेताच्या मातीसारखा दिसतो. मात्र तो आधी दोन-तीनदा धुवावा. आम्ही धुतला नाही, आणि सकाळी देखाव्यात मातीच्या माणसांपेक्षा मुंग्या जास्त होत्या!

वाळलेल्या गवतासाठी काथ्यासारखी वस्तू नाही. जुने पायपुसणे उसवले तरी पुरे. रंग मुळातच वाळल्या गवताचा. आठ-दहा तंतूंची जुडी करून बूड फेव्हिकॉलमध्ये बुडवावे, जाड सुईने जमिनीत भोक पाडून त्यात रोवावे आणि वाळल्यावर कात्रीने कापावे. सगळ्या जुड्या सारख्या उंचीच्या आणि रांगेत नकोत. गवत कुणी ओळीने लावत नाही. हिरव्या कडेसाठी बारीक चाळलेला भुसा हिरव्या रंगात थोडा पिवळा घालून भिजवावा आणि वर्तमानपत्रावर वाळवावा.

उंचीचे गणित मात्र करावे. आमची मातीची माणसे दोन इंचांची होती. म्हणजे साडेपाच फुटी माणूस दोन इंचांत बसला. त्या मापाने गुडघ्याएवढे गवत अर्ध्या इंचाचे हवे. पेरलेला हळीव दोन इंच वाढला की ते पुरुषभर उंच रान होते आणि त्यात सत्याग्रही दिसेनासे होतात. हे गणित सहावीतल्या मुलीने केले, आम्ही नाही.

ज्या वाटेने मिरवणूक तळ्याकडे येते, तिथले गवत अंगठ्याने दाबून आडवे करावे. हजारो पावले गेल्याचे त्यावरूनच कळते. पाण्यासाठी निळा कागद नको. मातकट हिरवा रंग देऊन वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणावे. आणि आज तळ्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे म्हणून १९२७ च्या देखाव्यात तो ठेवू नये. त्या दिवशी ते स्वतः तिथे उभे होते.

जयंतीच्या संध्याकाळी देखावा उघडला. आधीच्यापेक्षा तो उजाड दिसत होता हे खरे. एक गृहस्थ म्हणालेही, “जरा हिरवळ टाकायची होती.” तेवढ्यात एका लहान मुलीने आईला विचारले, “आई, गवत फक्त पाण्याजवळच हिरवं का आहे?” आई तिला सांगू लागली. बाजूला उभी असलेली माणसेही ऐकत राहिली.

इतकी वर्षे आम्ही जयंतीत भाषणे ठेवतो, आणि मुले मधेच उठून खेळायला जातात. त्या संध्याकाळी कुणी उठले नाही. आजींनी खुर्ची मागवून घेतली आणि रात्री उशिरापर्यंत देखाव्यापाशी बसून मुलांना आपल्या गावच्या विहिरीच्या गोष्टी सांगितल्या. त्या आम्हीही पहिल्यांदाच ऐकल्या.

आपल्याही चाळीत महाडकडची, नाशिककडची, मराठवाड्याकडची म्हातारी माणसे असतील. देखाव्याची माती कालवण्याआधी त्यांना एकदा खाली बोलवा.