रिमोट कोणाच्या हातीं असावा ?

आमच्या इंदिरानगरांत दुपारीं तीन-चारच्या सुमारास पुष्कळ घरांत दोनच माणसें असतात : एक शाळेंतून नुकतें परत आलेलें मूल व दुसरे आजोबा किंवा आजी. कर्तीं माणसें अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, कचेरींत नाहीं तर दुकानांत. कित्येकांचीं तर पुण्यास वा परदेशीं. अशा वेळीं आंतल्या खोलींतून हाक येते, "अरे, हा टी.व्ही. लागत नाहीं रे !" मूल उठतें, रिमोट हातांतून काढून घेतें, दोन बटणें दाबतें, चित्र दिसूं लागतें, आणि तें पुन्हां आपल्या उद्योगास लागतें. दहा मिनिटांनीं तीच हाक. चौथ्या हाकेस जें उत्तर जातें तें थोडें चढ्या स्वरांत जातें : "आतांच तर लावून दिला ना !" ह्या चौथ्या हाकेविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारपणचा साधा विसराळूपणा नव्हे. चष्मा कोठें ठेवला हें विसरणें निराळें, आणि चष्मा हातांत धरून तो कशासाठीं असतो हें न उमगणें निराळें. आलोइस आल्झायमर ह्या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं ट्यूबिंगेन येथें ज्या बाईची हकीकत विद्वानांपुढें मांडली, ती त्यांच्या इस्पितळांत आली तेव्हां अवघी एक्कावन्न वर्षांची होती. मेंदूचा हळूहळू ऱ्हास करणाऱ्या त्या रोगास पुढें त्यांचेंच नांव मिळालें, आणि स्मृतिभ्रंशाचें सर्वांत मोठें कारण आजही तोच रोग होय. आपल्या देशांत साठ वर्षांवरील माणसांपैकीं सुमारें ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसें स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिला आहे. बुद्धि वापरली नाहीं म्हणून तो जडतो, असें मात्र कोणीं समजूं नये. १९७४ चा रेल्वे कामगारांचा संप ज्यांच्या नेतृत्वाखालीं झाला, ते जॉर्ज फर्नांडिस अनेक वर्षें ह्याच रोगानें आजारी होते व २०१९ सालीं वारले. 'अस्तु' ह्या मराठी चित्रपटांत मोहन आगाशे ह्यांनीं जे वृद्ध गृहस्थ उभे केले आहेत, ते तर संस्कृतचे पंडित. आणि ते एका हत्तीच्या मागोमाग चालूं लागतात.

येथें पालकांस एक सूचना करून पुढें जातों. वडील माणूस गोंधळूं लागलें कीं लगेच ह्या रोगाचें नांव घेऊं नये. मोतीबिंदूमुळें रिमोटवरील अक्षर दिसत नसेल, ऐकूं कमी येत असेल, शरीरांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडलें असेल, थायरॉइड ग्रंथीचें काम मंदावलें असेल, किंवा एकटेपणानें मन खचलें असेल. ह्यांतील पुष्कळ गोष्टींवर उपाय आहे, व तो डॉक्टरांनीं तपासून सांगावयाचा आहे.

आतां मूळ विषय. माणसाची स्मृति एकाच पेटींत भरलेली नसते. सकाळीं कोण येऊन गेलें, न्याहारीस काय होतें, ही आठवण आधीं जाते. हातांस पडलेली जुनी संवय मात्र पुष्कळ काळ टिकते. ज्या आजीस आज कोणता वार तें सांगतां येत नाहीं, ती पोळी गोल लाटते. नवें शिकणें तेवढें जवळजवळ बंद होतें. ह्या दृष्टीनें आपल्या घरांतील टेलिव्हिजनचा इतिहास पाहावा. मुंबईचें दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. रंगीत चित्रें १९८२ सालीं आलीं. आजच्या पंच्याहत्तरीच्या आजोबांनीं तिशी-पस्तिशींत जो संच मोठ्या हौसेनें घरीं आणला, त्याचें एक बटण फिरविलें कीं चित्र येई, व तसेंच पुढें फिरविलें कीं आवाज वाढे. वाहिनी निवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९८७ च्या जानेवारींत 'रामायण' मालिका सुरू झाली, तेव्हां रविवारीं सकाळीं शेजारपाजारचीं माणसें त्या एका संचापुढें येऊन बसत, आणि संच लावण्याचा मान घरच्या यजमानाचा असे. पुढें रिमोट आला. २०१३ च्या सुमारास नाशिकसारख्या शहरांत केबलसाठीं सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. रिमोट एकाचे दोन झाले. आतां इंटरनेटवर चालणारा टी.व्ही. आला आहे, आणि तो सुरू केला असतां चित्राऐवजीं चौकटींचें एक भलें मोठें कपाटच उघडतें. ज्या हातास एक बटण फिरविण्याची संवय, त्या हातांत आपण चाळीस-पन्नास बटणें दिलीं आहेत. तीं त्यांस आठवत नाहींत ह्यांत नवल तें काय?

'टी.व्ही. बिघडला' म्हणून जी हाक येते, तिच्या मुळाशीं बहुधा एकच बटण असतें. टी.व्ही.नें चित्र कोणत्या वाटेनें घ्यावें हें ठरविणारें 'सोर्स' नांवाचें बटण चुकून दाबलें जातें, पडदा निळा किंवा काळा होतो व वर इंग्रजींत 'नो सिग्नल' अशीं अक्षरें येतात. कधीं कधीं तर आजोबांनीं कांहींच केलेलें नसतें. वीज जाऊन आली कीं बॉक्स पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो व भलतीच वाहिनी दाखवितो. आषाढ-श्रावणांत पाऊस दाटून आला कीं छपरावरील डिशचें चित्र तुटतें. त्यांस वाटतें आपणच कांहीं तरी मोडलें. ते घाबरून आणखी चार बटणें दाबतात, आणि मग खरोखरीचा घोटाळा होतो.

आमचें मत असें कीं, अशा वेळीं माणसास शिकवूं नये, यंत्रास सुधारावें. यंत्र सुधारतें, रोगानें जें नेलें तें दहा वेळां समजावून परत येत नाहीं. आणि यंत्र सुधारण्याचें काम आमच्या विद्यार्थ्यांस उत्तम येतें. त्यासाठीं एक रविवार पुरे. अनेक सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर टी.व्ही.चें चालू-बंद करण्याचें व आवाजाचें बटण 'शिकवून' ठेवण्याची सोय असते. ती केली कीं दुसरा रिमोट कपाटांत ठेवतां येतो. उरलेल्या रिमोटवर चालू-बंद, आवाज व वाहिनी एवढींच बटणें उघडीं ठेवून बाकीचीं जाड पुठ्ठ्यानें किंवा विजेच्या काळ्या चिकटपट्टीनें झांकून टाकावीं. 'सोर्स' तर आधीं झांकावें. चालू-बंद करण्याच्या बटणावर ताईच्या नखांच्या लाल रंगाचा ठिपका द्यावा. नको त्या वाहिन्यांस कुलूप घालतां येतें, आवडत्या चार-पांचांची वेगळी यादी करतां येते. वाचतां येत असेल तोंवर टी.व्ही.च्या खालीं ठळक देवनागरींत एकच ओळ लिहून चिकटवावी : 'लाल ठिपका एकदां दाबा.' दोन ओळी नकोत. दुसरी वाचीपर्यंत पहिली जाते. रिमोट नेहमीं त्याच खुर्चीच्या त्याच हातावर ठेवावा, आणि तसाच दुसरा आणून लपवून ठेवावा, कारण पहिला केव्हां तरी उशीखालीं, धान्याच्या डब्यांत किंवा फ्रीजमध्यें जावयाचाच आहे. जुना संच चालत असेल तर दिवाळीच्या सवलतींत तो बदलण्याचा मोह पालकांनीं आवरावा. नवा संच तुमच्यासाठीं सोयीचा असेल. त्यांच्यासाठीं तें परक्याचें घर आहे.

इतकें करूनही हाक येईल. तेव्हां काय करावें ? रिमोट त्यांच्या हातांतून ओढून घेणें ही सर्वांत जलद रीत खरी. पण ज्या गृहस्थानें चाळीस वर्षें घर चालविलें, त्याच्याकडून व्यवहार, स्कूटर, बँकेचें पुस्तक हीं एकेक करून काढून घेतलींच आहेत. आतां बातम्या लावण्याचा अधिकारही काढून घ्यावयाचा काय? आपण शेजारीं बसावें, त्यांचें बोट लाल ठिपक्यावर येईपर्यंत थांबावें, व दाबण्याचें काम त्यांसच करूं द्यावें. ह्यास अर्धा मिनिट अधिक लागतो. "काय पाहायचंय ?" असें मोघम विचारलें तर त्यांस उत्तर सुचत नाहीं व सुचत नाहीं म्हणून राग येतो, "आजोबा, गाणीं लावायचीं कीं क्रिकेट?" असें विचारलें तर दोहोंतून एक निवडतां येतें. "आठवतंय का ?" आणि "मघाशींच सांगितलं" हे दोन प्रयोग घरांतून हद्दपार करावे. परीक्षेंत न आलेला प्रश्न पुनःपुन्हां विचारणारा मास्तर कोणाही विद्यार्थ्यास आवडत नाहीं.

एक नाजूक प्रश्न राहतो, व तो आमच्या विचारी विद्यार्थ्यांस पडल्याशिवाय राहणार नाहीं. समजा, एखाद्या वाहिनीवर २५ जून १९८३ चा लॉर्ड्‌सवरील अंतिम सामना पुन्हां दाखवीत आहेत. आपला संघ १८३ धावांत बाद झाला म्हणून आजोबा खिन्न आहेत. सामना आजच चालला आहे असें ते समजतात. वेस्ट इंडीजचा डाव १४० वर आटोपतो आणि आजोबा टाळ्या वाजवितात. आठवड्यानें तोच सामना, तोच खेद, त्याच टाळ्या. नातवानें म्हणावें काय, "हें सारें जुनें आहे" ? शाळेंत खरें बोलावें असें आम्ही शिकवितों, आणि तें शिकविणें आम्ही मागें घेत नाहीं. परंतु खरें बोलणें म्हणजे प्रत्येक खरी गोष्ट प्रत्येकाच्या अंगावर टाकणें नव्हे. आजोबांनीं विचारलें, "जिंकणार का रे आपण ?" तर "जिंकणार, आजोबा" हें उत्तर पूर्णपणें खरें आहे. त्यांनीं "हा सामना आजचा का ?" असें सरळ विचारलें तर "जुना आहे, पण फार छान आहे" असें हळू सांगावें. आपण होऊन मात्र वाद घालूं नये. आजी मालिकेंतील सुनेसाठीं चहा ठेवावयास सांगते, कारण पडद्यावरचीं माणसें दिवाणखान्यांत आलीं आहेत असें तिला वाटतें. ही ह्या रोगांतील परिचित अवस्था आहे. "तीं खोटीं माणसें आहेत" हें पटवीत बसण्यापेक्षां "आधीं तूं घे ना चहा" म्हणून तिच्याजवळ बसावें. आमच्या मतें ह्यांत असत्य नाहीं. कोणी म्हणेल कीं ही पळवाट झाली. त्यानें एकदां सायंकाळीं घाबरलेल्या आजीपुढें आपलें तर्कशास्त्र वापरून पाहावें.

बातम्यांच्या बाबतींत मात्र आम्ही कडक आहों. अपघाताचें एकच दृश्य दिवसभर वीस वेळां दाखवितात. आपण तें एकदां पाहून सोडून देतों. ज्यास मागचें आठवत नाहीं त्याच्या दृष्टीनें वीस निरनिराळे अपघात झालेले असतात, आणि ते आपल्याच रस्त्यावर झालेले असतात. उलट जुनी मालिका, जुनें गाणें, जुना सामना त्यांस दर वेळीं नवा असतो. २०२० च्या टाळेबंदींत दूरदर्शननें 'रामायण' पुन्हां दाखविलें. तसें कांहीं अधूनमधून लावून दिलें तर त्यांच्या जुन्या ओळखीचें तेंच अधिक असेल.

पालकांस आणखी एक स्पष्ट सांगणें अवश्य आहे. टी.व्ही. ही दाई नव्हे. सकाळीं नऊला आजीस त्यापुढें बसवून सायंकाळीं सातला उठविणें ह्यास सांभाळणें म्हणत नाहींत. तिला संध्याकाळीं थोडें जॉगिंग ट्रॅकपर्यंत फिरवून आणावें, शेंगा सोलावयास द्याव्या, जुन्या फोटोंचा संग्रह पुढें ठेवावा. मुलांस अभ्यास असतो व आईबापांस नोकरी, हें आम्हांस कळतें; अर्धा तास कोठून काढावा हें ज्याचें त्यानें पाहावें, पण दहा तासांचा टी.व्ही. हा त्या अर्ध्या तासाचा मोबदला होत नाहीं.

दिवेलागणीनंतर ह्या रोग्यांची अस्वस्थता पुष्कळदां वाढते. तेव्हां आवाज कमी करावा, खोलींतील दिवा चांगला लावावा, व झोपण्यापूर्वीं बऱ्याच आधीं संच बंद करावा. बंद केल्यावर एक बारीकशी गोष्ट करावयाची असते, आणि ती फार थोड्यांच्या लक्षांत येते. विझलेली काळी कांच आरशासारखी असते. तींत स्वतःचीच आकृति पाहून ‘घरांत कोणी परका शिरला’ म्हणून वृद्ध माणसें दचकतात. पूर्वींच्या लांकडी संचांस दोन्ही बाजूंनीं सरकणारीं दारें असत, तीं रात्रीं लावून टाकीत. आतां तशीं दारें राहिलीं नाहींत. आजीच्या जुन्या मऊ लुगड्याचा एक पदर टी.व्ही.वरून सोडावा, तो ओळखीचाही असतो, आणि सकाळीं तो तिनें स्वतःच्या हातानें बाजूला केला कीं दिवस सुरू होतो.