दोन नावांची एकच गोळी

मुंबईहून येणारा पाहुणा आजीच्या गुडघ्यांसाठी 'व्होवेरॅन' घेऊन येतो. इथल्या डॉक्टरांनी 'व्होल्टारेन' लिहून दिलेली असते. नावे निराळी म्हणून आजी दोन्ही घेते. पण दोहोंतील वेदनाशामक द्रव्य एकच, डायक्लोफिनॅक. ५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या ही प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा. दोन नावांखाली ती सहज ओलांडली जाते, आणि जठर, मूत्रपिंड व हृदय यांना धोका पोहोचतो. मधुमेह घरोघर असलेल्या आपल्या मॉरिशसमध्ये याकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

उरलेल्या गोळीत मक्याचा स्टार्च, लॅक्टोज, मॅग्नेशियम स्टिअरेट असले साहित्य असते. फ्रेंच वेष्टनावर त्याला 'एक्सिपियाँ' म्हणतात. त्याने दुखणे थांबत नाही, तरी ते फुकाचे नव्हे. बाहेरचा लेप जठरात न विरघळता आतड्यात विरघळतो. म्हणून अशी लेपाची गोळी कुटून चहात घालू नये. (पुष्कळ घरांत घालतात!) ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी लॅक्टोजची चौकशी करावी.

शाळेत जाणारी नातवंडे फ्रेंच वाचतात. आजीच्या डब्यातील वेष्टने त्यांच्याकडून एकदा वाचून घ्यावीत, आणि पुढच्या खेपेस डबाच डॉक्टरांपुढे ठेवावा.