विश्लेषण : टू-स्ट्रोक डर्ट बाइक स्वस्त पडते, हे भारतात कितपत खरं?

इंजिनीअरिंगच्या वर्गातल्या एका मित्राचा रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. जुन्या गाडीच्या जाहिरातीची लिंक, निळ्या 250 सीसी टू-स्ट्रोक डर्ट बाइकचा फोटो आणि खाली दोनच शब्द : ‘घेऊ का?’

मित्र चाकणला नोकरी करतो. सुट्टीच्या दिवशी पुण्याजवळच्या एका ट्रॅकवर भाड्याची गाडी चालवतो. तीन वर्षांत त्याने साडेतीन लाख रुपये बाजूला टाकलेत. त्याचा मुद्दा सरळ होता. टू-स्ट्रोकमध्ये बिघडायला असतं काय? पिस्टन बदलला की गाडी पुन्हा नवी. फोर-स्ट्रोकचं इंजिन एकदा उघडलं की लाखाची फोडणी.

यूट्यूबवरचे अमेरिकन रायडर हेच सांगतात आणि त्यांच्या अंगणात ते खरंही आहे. पण तो हिशेब जसाच्या तसा पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात लागू होतो का? माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. त्याचं कारण इंजिनाच्या आत सापडत नाही, ते सुट्या भागांच्या दुकानात सापडतं.

दोन इंजिनांत नेमका फरक काय?

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार फेऱ्या मारतो : हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं. म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ताकद मिळते. टू-स्ट्रोक हीच कामं दोन फेऱ्यांत उरकतं, त्यामुळे क्रँकच्या प्रत्येक फेरीला धक्का मिळतो. तेवढ्याच सीसीमध्ये ते जास्त ताकद देतं ते यामुळे.

त्याच्या हेडमध्ये वॉल्व्ह नसतात, कॅमशाफ्ट नसतो, टायमिंग चेन नसते. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि बंद करतो. भाग कमी म्हणून वजनही कमी. यामाहाची वायझेड 250 ही टू-स्ट्रोक सुमारे 103 किलोची आहे, तर तिच्या जोडीची फोर-स्ट्रोक वायझेड 450 एफ सुमारे 109 किलोची. कागदावर फरक सहा किलोंचा दिसतो. वळणावर गाडी आडवी टाकताना मात्र तो जास्त जाणवतो, कारण फोर-स्ट्रोकच्या आत फिरणारे जड भागही जास्त असतात.

उणी बाजूही आहे. टू-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर जातो आणि न जळालेलं थोडं पेट्रोलही त्याच्याबरोबर निसटतं. शिवाय पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल जळतं. निळसर धूर आणि तो ओळखीचा वास येतो तो यातूनच.

मग टू-स्ट्रोक मागे का पडलं?

फक्त प्रदूषणामुळे, असं अनेकांना वाटतं. रस्त्यावरच्या गाड्यांपुरतं ते खरं आहे. मोटोक्रॉसमध्ये मात्र शर्यतीच्या नियमांचाही मोठा हात होता. अमेरिकेत 125 सीसी टू-स्ट्रोकसमोर 250 सीसीपर्यंतची आणि 250 सीसी टू-स्ट्रोकसमोर 450 सीसीपर्यंतची फोर-स्ट्रोक उतरवायला परवानगी मिळाली. जवळपास दुप्पट इंजिनाची सूटच म्हणा.

1997 मध्ये डग हेन्रीने लास व्हेगासची सुपरक्रॉस शर्यत यामाहाच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोकवर जिंकली. पुढच्या वर्षी वायझेड 400 एफ बाजारात आली आणि त्याच गाडीवर हेन्रीने 1998 चं राष्ट्रीय मोटोक्रॉस विजेतेपद पटकावलं. त्यानंतर दहा वर्षांत चित्र पालटलं. होंडाने 2007 च्या मॉडेलनंतर मोठ्यांच्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस बाइक बंद केल्या. मोठ्या जपानी कंपन्यांपैकी यामाहाने तेवढ्या 125 आणि 250 चालू ठेवल्या. युरोपात केटीएम, हस्कवर्ना, बीटा, शेर्को यांनी टू-स्ट्रोक सोडलं नाही.

तरीही ओढ का?

एक कारण आवाज आणि स्वभाव. टू-स्ट्रोक खालच्या आरपीएमला शांत असतं आणि एका टप्प्यावर अचानक सुटतं. तिथे क्लच आणि गिअर सांभाळावेच लागतात. फोर-स्ट्रोकची ताकद तळापासून सलग येते, थ्रॉटल सोडला की इंजिन स्वतःच वेग कमी करतं आणि मागचं चाक मातीला धरून राहतं. लॅप टाइम काढायला फोर-स्ट्रोक बरं. हात शिकतात ते टू-स्ट्रोकवर, असं जुने रायडर म्हणतात आणि मला ते पटतं.

दुसरं कारण खडकाळ चढ. ऑस्ट्रियातली अर्झबर्ग रोडिओ ही लोखंडाच्या खाणीत होणारी हार्ड एंड्युरो शर्यत बघा. मॅन्युएल लेटेनबिख्लरने 2022 पासून सलग तीन वर्षं ती जिंकली, ती 300 सीसी टू-स्ट्रोकवर. हलकी गाडी दगडात अडकली तर ओढून काढता येते.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण खिसा. आपला खरा विषय तिथेच सुरू होतो.

अमेरिकेत गणित कसं जुळतं?

तिथे नवी वायझेड 250 आठ हजार डॉलरच्या आसपास मिळते, तर 450 एफ दहा हजारांच्या आसपास. खरेदीतच फरक पडतो. पुढचा खर्च त्याहून महत्त्वाचा.

शर्यतीच्या टू-स्ट्रोकचा पिस्टन लवकर झिजतो. काही दहा तास गाडी पळाली की बदलायची तयारी ठेवावी लागते. पण त्या कामात पिस्टन, रिंगा, गजन पिन, सर्कलिप आणि गॅस्केट एवढंच लागतं. सामान दीडशे-दोनशे डॉलरमध्ये येतं आणि सवय असेल तर घरच्या गॅरेजमध्ये एका दुपारचं काम.

शर्यतीचं फोर-स्ट्रोक जास्त तास टिकतं. पण ते उघडलं की पिस्टनबरोबर वॉल्व्ह, स्प्रिंग, टायमिंग चेन यांचीही मोजदाद होते. उंच आरपीएमला वॉल्व्ह तुटून आत पडला तर पिस्टन, हेड, कधीकधी क्रँकसुद्धा जातो. अशा वेळी बिल सहज हजार-दोन हजार डॉलरच्या पुढे जातं.

म्हणजे टू-स्ट्रोक लहान हप्ते मागतं आणि ते वारंवार मागतं. फोर-स्ट्रोक बराच काळ काही मागत नाही आणि मग एकदम मोठी रक्कम मागतं. मर्यादित पगारावर हौस करणाऱ्याला पहिला प्रकार झेपतो, कारण खर्च आधी दिसतो. तिथल्या रायडरचं ‘टू-स्ट्रोक परवडतं’ हे म्हणणं असं उभं राहतं.

एक अट मात्र लक्षात ठेवा. दोनशे डॉलरचं सामान पुढच्या आठवड्यात दारात येणार, हे त्या सगळ्या गणितात गृहीत धरलेलं आहे.

भारतात ते कुठे फिसकटतं?

केटीएमने नोव्हेंबर 2024 मध्ये भारतात शर्यतीच्या आणि एंड्युरोच्या गाड्या आणल्या. तेव्हाच्या एक्स-शोरूम किमती अशा : 50 एसएक्स 4.75 लाख, 65 एसएक्स 5.47 लाख, 85 एसएक्स 6.69 लाख, 250 एसएक्स-एफ 9.58 लाख, 450 एसएक्स-एफ 10.25 लाख आणि 350 ईएक्ससी-एफ 12.96 लाख. यातल्या पहिल्या तीन टू-स्ट्रोक आहेत आणि तिन्ही मुलांसाठीच्या. बाकीच्या मोठ्यांच्या आणि सगळ्या फोर-स्ट्रोक. कावासाकीचंही तसंच. केएक्स 65 आणि केएक्स 112 या टू-स्ट्रोक लहान रायडरसाठी, केएक्स 250 आणि 450 या फोर-स्ट्रोक मोठ्यांसाठी.

या याद्यांत पूर्ण वाढ झालेल्या माणसासाठीची 125, 250 किंवा 300 सीसी टू-स्ट्रोक नाही. म्हणून ज्याला ती हवी आहे त्याच्यासमोर जुनी, कुणीतरी कधीतरी बाहेरून आणलेली गाडी उरते. तिचा पिस्टन परदेशातून मागवायचा म्हणजे मूळ किमतीवर कुरिअर आणि आयात शुल्क आलं. शिवाय किती दिवस थांबायचं याचा नेम नाही.

ऑइलचा खर्चही धरा. 40:1 प्रमाणात एका लिटर पेट्रोलला 25 मिली ऑइल लागतं. चांगलं सिंथेटिक टू-टी ऑइल हजार रुपये लिटर धरलं, तरी दर लिटरमागे 25 रुपये वाढले. ही रक्कम सोसता येईल. गाडी दोन महिने पिस्टनची वाट बघत उभी राहणं मात्र सोसत नाही. टू-स्ट्रोकचा फायदा म्हणजे लहान आणि झटपट दुरुस्ती. सामानच मिळत नसेल तर तो फायदा उरतच नाही.

मग गावातली आरएक्स?

आपल्याकडे टू-स्ट्रोक एकेकाळी खरोखर स्वस्त होतं, यात वाद नाही. आरएक्स 100 भारतात 1985 पासून 1996 पर्यंत बनली. तिचं बोअर-पिस्टनचं काम तालुक्याच्या गावातला मिस्त्री करून द्यायचा. बोअर करणारा लेथवाला दोन गल्ल्या सोडून बसायचा. गावोगावच्या मातीच्या शर्यतींत या गाड्या सायलेन्सर बदलून पळाल्या त्या याच जोरावर.

आज चांगल्या स्थितीतल्या आरएक्ससाठी लाखभर रुपये मागितले जातात. त्यात आठवणींची किंमत मोठी असते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण असतं, बाजारात डुप्लिकेट सुटे भाग असतात आणि हात बसलेले मिस्त्री आता साठीच्या घरात पोहोचलेत. गाडी जपायची असेल तर जरूर घ्या. उड्या मारायला घेऊ नका. तिचं सस्पेन्शन त्यासाठी बनलेलंच नाही.

इंजिन तेच, किंमत लाखाने कमी

माझा मुद्दा सिद्ध करणारं उदाहरण फोर-स्ट्रोकमधूनच येतं. कावासाकीची केएलएक्स 230 डिसेंबर 2024 मध्ये 3.30 लाखांना आली. चाकणच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागल्यावर वर्षभराच्या आत किंमत दोन लाखांच्या खाली उतरली. इंजिन तेच होतं, स्ट्रोकही चारच होते. बदलला तो कारखान्याचा पत्ता.

हिरोची एक्सपल्स 2019 मध्ये एक लाखाच्या आत आली, तेव्हा मातीत गाडी चालवायची हौस पहिल्यांदा पगारदार पोराच्या आवाक्यात आली. ती दीडशे किलोंच्या पुढे आहे, खरी डर्ट बाइक नाही. पण लिव्हर तुटला तर दुपारपर्यंत नवा मिळतो. भारतात फोर-स्ट्रोक परवडतं ते या कारणाने. त्यात फोर-स्ट्रोक तंत्राची अशी काही खास कमाल नाही.

खरा फटका कुणाला?

माझ्या मित्राला फार नाही. तो एक्सपल्स घेईल, केएलएक्स घेईल. फटका पंधरा वर्षांच्या पोराला बसतो.

जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीत सुपरक्रॉस लीगची शर्यत झाली, तेव्हा अनेक घरांत ‘मलाही शिकायचंय’ हा हट्ट सुरू झाला असेल. समजा एखाद्या पालकाने कर्ज काढून 85 सीसी घेऊन दिली. मूल वाढलं, गाडी लहान पडू लागली. युरोपात पुढची पायरी 125 सीसी टू-स्ट्रोक असते. तिथे या गाड्यांसाठी ईएमएक्स 125 ही वेगळी स्पर्धाच आहे. आपल्याकडे केटीएमच्या यादीत 85 नंतर थेट 250 फोर-स्ट्रोक येते. किंमत जवळपास तीन लाखांनी वाढते, ताकद कितीतरी वाढते आणि इंजिन उघडायची भीती वेगळीच. ज्या वयात हात तयार होतात, त्याच वयात पायरी गायब आहे. अनेक मुलं इथेच थांबत असतील तर दोष त्यांच्या जिद्दीचा नाही.

ही पायरी बांधणं अशक्य नाही. केटीएममध्ये बजाजने 2007 मध्ये 14.5 टक्के हिस्सा घेतला. नोव्हेंबर 2024 मध्ये केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2025 मध्ये तिची सूत्रं बजाजकडे आली. टू-स्ट्रोक स्पर्धा बाइक बनवणाऱ्या जगातल्या आघाडीच्या कंपनीचा मालक आज आकुर्डीत बसतो. 125 एसएक्स भारतीय यादीत आणणं आणि तिचे पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट पुण्यातल्या गोदामात ठेवणं, एवढीच सुरुवात हवी. ही गाडी रस्त्यावर येणारच नाही, त्यामुळे ट्रॅकवरच्या मोजक्या गाड्यांच्या धुराचा बाऊ करण्यात अर्थ नाही.

तोवर काय करायचं?

जाहिरातीतली टू-स्ट्रोक मोहात पाडत असेल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी तपासा. आयातीची कागदपत्रं मूळ आहेत का? त्या मॉडेलचा पिस्टन भारतात कुणाकडे तयार मिळतो का? किंमत ठरवताना एक पूर्ण इंजिन काम धरलंय का? आणि ट्रॅकपर्यंत न्यायला पिकअपचं भाडं, हेल्मेट, बूट, चेस्ट गार्ड यांचे पैसे उरतात का? अशा गाड्यांना नंबर प्लेट मिळत नाही, त्या रस्त्यावर चालवता येत नाहीत आणि सह्याद्रीतलं प्रत्येक पठार म्हणजे ट्रॅक नाही.

मित्राला मी दुसऱ्या प्रश्नापाशीच थांबवलं. त्याने विक्रेत्याला फोन करून विचारलं, पिस्टन कुठे मिळेल? पलीकडून उत्तर आलं, ‘ऑनलाइन मागवा, येतो महिन्या-दोन महिन्यांत.’

त्याने लिंक डिलीट केली. फोटो मात्र अजून त्याच्या फोनच्या वॉलपेपरवर आहे.